'कॅन' आणि 'जाणणे'

इंग्रजीतील 'कॅन' या साहाय्यक क्रियापदाचे भाषांतर आपण सरसकट 'शकणे' असे करतो. परंतु त्याचे मूळ सामर्थ्यात नसून ज्ञानात आहे. प्राचीन इंग्रजीतील 'कुन्नन' म्हणजे जाणणे. संस्कृतातील 'ज्ञा' धातू व आपले 'जाणणे' ही त्याची दूरची भावंडे होत. सामर्थ्याचा अर्थ त्या काळी आजच्या 'मे'च्या पूर्वरूपाकडे होता. पुढे 'मे' अनुमती व संभव यांकडे वळला आणि त्याची जागा 'कॅन'ने घेतली. आता तर तो अनुमतीच्या क्षेत्रातही शिरला आहे. 'कुड'मधील अनुच्चारित 'एल' मात्र मूळचा नव्हे. 'शुड', 'वुड' यांच्या अनुकरणाने तो लेखनात आला.

मराठीने हे अर्थ निरनिराळे राखले आहेत. शिकलेल्या विद्येस 'मला पोहता येते', अंगच्या बळास 'मी दहा मैल चालू शकतो', अनुमतीस नुसते 'आत येऊ का?' 'मी आत येऊ शकतो का?' असे कोणी विचारले, की आमच्या कानास ते खटकते. अनेक भाषांच्या शेजारात लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी तरी प्रतिशब्द शब्दास नव्हे, प्रसंगास शोधावा.