ऑस्ट्रेलियात परसात कोंबड्या पाळताय? अंडी मोजण्याआधी माती तपासा

ऑस्ट्रेलियात कोंबडीला बोलीभाषेत 'चुक' म्हणतात. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकून हसूच येतं. पण शेजारी विचारतो, "आमच्याकडे चार चुक आहेत, अंडी हवीत का?" तेव्हा तो चुका कबूल करत नसतो, परसातल्या कोंबड्यांबद्दल बोलत असतो.

तिथे हा शौक फक्त खेड्यातल्यांचा नाही. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेडसारख्या शहरांतही घरामागच्या अंगणात तीन-चार कोंबड्या ठेवणारे लोक भरपूर आहेत. 2024 मध्ये बर्ड फ्लूमुळे मोठ्या फार्मवरच्या कोंबड्या माराव्या लागल्या, काही सुपरमार्केटनी एका ग्राहकाला किती खोके अंडी द्यायची यावर मर्यादा घातली, आणि घरची अंडी असलेली मंडळी तेवढ्यापुरती श्रीमंत झाली.

पण कोंबडी पाळणं म्हणजे मूठभर दाणे टाकले आणि सकाळी अंडं उचललं, इतकं सोपं नाही. तिथलं ऊन, तिथला कोल्हा, तिथले कायदे आणि शहरातली माती, या सगळ्यांशी गाठ असते. त्यातली माती ही गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. म्हणून सगळं नीट समजून घेऊ.

आधी कायदा बघा, मग कोंबडी आणा

ऑस्ट्रेलियात किती कोंबड्या ठेवता येतील हे तुमचं राज्य आणि तुमची स्थानिक कौन्सिल ठरवते. न्यू साउथ वेल्समध्ये कोंबड्या राहत्या घरापासून साडेचार मीटरच्या आत ठेवता येत नाहीत. त्यात शेजाऱ्याचं घरही आलं. बाकी ठिकाणी आकडे वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर बघणं हाच खात्रीचा मार्ग. घर भाड्याचं असेल तर मालकालाही विचारावं लागतं.

बहुतेक शहरी वस्त्यांमध्ये कोंबडा ठेवायला मनाई असते किंवा परवानगी लागते. कारण उघड आहे, पहाटे चारची बांग. पण त्याने अडत काही नाही. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. कोंबडा नसेल तर अंड्यातून पिल्लू निघत नाही, एवढाच फरक.

म्हणूनच नव्या माणसाने पिल्लं आणू नयेत. त्यातला कोण कोंबडा निघेल हे सांगता येत नाही. त्यापेक्षा अंड्यावर आलेल्या, चार-पाच महिन्यांच्या तलंगा आणाव्यात. आणि एकटी कोंबडी कधीच ठेवू नये. तो कळपाचा जीव आहे, निदान दोन-तीन तरी हव्यात.

कोणती जात घ्यायची?

फार्मवर दिसणारी तपकिरी आयसा ब्राऊन वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. पण इतक्या अंड्यांचा ताण शरीरावर येतो, आणि अशा कोंबड्यांना अंडाशयाचे आजार लवकर जडतात.

ऑस्ट्रेलियाची स्वतःची जात म्हणजे ऑस्ट्रलॉर्प. काळी, चमकदार हिरवट झाक असलेली, शांत स्वभावाची. 1922-23 मध्ये या जातीच्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत मिळून 1857 अंडी दिली होती, म्हणजे एकीमागे 309 हून जास्त. तेव्हा तो जागतिक विक्रम होता.

लहान मुलांच्या घरात सिल्की लोकप्रिय आहे. तिची पिसं कापसासारखी मऊ, आणि कातडी मात्र आपल्या कडकनाथसारखी काळी. ती वरचेवर खुडूक बसते, त्यामुळे अंडी कमीच मिळतात.

रोजचा दिवस कसा जातो?

सकाळी खुराडं उघडायचं, पाणी बदलायचं, खाद्य भरायचं आणि प्रत्येक कोंबडीकडे एकदा नीट बघायचं. हे बघणं महत्त्वाचं. कोंबडी आजार लपवते, कारण कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात. तुरा फिका पडलाय, एका कोपऱ्यात पिसं फुगवून बसलीय, शेपटी खाली गेलीय, खात नाहीये, यातलं काही दिसलं तर तिला वेगळं काढायचं आणि पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरला दाखवायचं.

एका कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे तीन कोंबड्यांना 20 किलोची पिशवी साधारण दोन महिने पुरते. खाद्य 'लेयर पेलेट' म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बनवलेलंच हवं, ज्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. शिवाय कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. ज्या कोंबडीला हवा तेवढा ती खाते.

घरातलं उरलंसुरलं चालतं, पण वरखर्चासारखं. पालेभाजीचे देठ, काकडी, कलिंगडाची सालं, थोडा भात ठीक. ॲव्होकाडो, चॉकलेट, बुरशी आलेली पोळी, कच्चं कडधान्य आणि खारट काहीही देऊ नये. ॲव्होकाडो पक्ष्यांना विषारी असतो, आणि ऑस्ट्रेलियात तो अनेकांच्या अंगणातच लागलेला असतो.

अंडी रोजच्या रोज गोळा करायची. दोन दिवस पडून राहिली की एखादी फोडून खाते, आणि ती सवय लागली की सुटत नाही. घाण लागली असेल तर कोरड्या कापडाने पुसायची. भिजवून ठेवायची नाहीत, कारण कवचाला बारीक छिद्रं असतात आणि ओलाव्याबरोबर जंतू आत शिरतात. तडकलेलं अंडं टाकून द्यायचं. अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवायचं.

जूनमध्ये अंडी का थांबतात?

भारतातून गेलेल्यांचा इथे गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियातले ऋतू उलटे असतात. मार्च ते मे शरद, जून ते ऑगस्ट थंडी. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो. दिवस लहान झाले की तिची पिसं झडतात, नवी येतात आणि सगळी प्रथिनं तिकडे खर्च होतात. अंगणात उशी फाटल्यासारखी पिसं दिसली तर घाबरू नका. तो आजार नाही, तिची सुट्टी आहे.

कोल्हा शहरातच राहतो

लाल कोल्हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या खेळासाठी तो आणला आणि मग तो आवरला नाही. आज मेलबर्नसारख्या शहरात तो रेल्वेच्या कडेने, ओढ्याच्या काठाने आरामात फिरतो.

कोल्हा एक कोंबडी नेऊन थांबत नाही. आत शिरला तर सगळ्यांना मारतो. बहुतेक घरात हे एकाच कारणाने होतं: त्या एका संध्याकाळी दार लावायचं राहिलं. मेलबर्नमध्ये डिसेंबरात सूर्य पावणेनऊला मावळतो, जूनमध्ये सव्वापाचच्या आधीच. हिवाळ्यात तुम्ही ऑफिसातून घरी पोहोचता तेव्हा अंधार पडून तासभर झालेला असतो. त्यात सिडनी-मेलबर्नमध्ये ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. कोंबड्यांना आणि कोल्ह्याला घड्याळ कळत नाही, ते उजेडावर चालतात. म्हणून अनेक जण उजेड ओळखून बंद होणारं आपोआप दार बसवतात.

जाळी कशी हवी? षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी जाड, वेल्ड केलेली जाळी लागते. तो खाली उकरतो, म्हणून जाळी खुराड्याच्या बाहेर जमिनीवर अर्धा मीटरभर आडवी पसरून मातीत दाबायची. वरूनही झाकायची, कारण तो चढतोही.

क्वीन्सलँडमध्ये वेगळा पाहुणा येतो. कार्पेट पायथन हा अजगर अंडी आणि कोंबड्या दोन्ही गिळतो. तो विषारी नाही. पण सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, आणि उंदरांमागे विषारी ब्राऊन स्नेकही येऊ शकतो. म्हणून खाद्य रात्री झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. साप दिसला तर परवानाधारक सर्पमित्राला बोलवायचं. तिथे सापांना कायद्याचं संरक्षण आहे.

उन्हाळ्यातला एक दिवस पुरेसा असतो

4 जानेवारी 2020 रोजी सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये पारा 48.9 अंशांवर गेला होता. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. हे दिसलं की समजायचं, तिला त्रास सुरू झालाय.

अशा दिवशी पाण्याची दोन-तीन भांडी सावलीत ठेवा, त्यात बर्फ टाका. झाडाखालची माती ओली करा, ती त्यात पोट टेकून बसेल. फ्रीजमधलं गार कलिंगड द्या. पत्र्याचं बंद खुराडं दुपारी भट्टी होतं, त्यात कोंडू नका. कोंबडी अगदीच मलूल पडली तर तिचे पाय आणि पोट साध्या थंड पाण्यात बुडवा, बर्फाच्या नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: माती

घरची अंडी म्हणजे शुद्ध, असं आपण गृहीत धरतो. 2022 मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी 55 घरांमधली माती, कोंबड्या आणि अंडी तपासली. घरच्या अंड्यांमध्ये दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी 40 पट जास्त शिसं निघालं. जवळपास निम्म्या कोंबड्यांच्या रक्तातही शिशाचं प्रमाण चिंता वाटावी इतकं होतं. आणि या कोंबड्या वरून ठणठणीत दिसत होत्या.

हे शिसं आलं कुठून? ऑस्ट्रेलियात शिसंयुक्त पेट्रोल 2002 मध्ये बंद झालं. त्याआधी अनेक दशकं गाड्यांच्या धुरातलं शिसं रस्त्याकडेच्या जमिनीवर बसत राहिलं. 1970 च्या आधीच्या घरांना दिलेल्या रंगात शिसं भरपूर असायचं. तो रंग सोलवटून, घासून मातीतच पडला. शिसं कुजत नाही, विरत नाही. तिथेच राहतं.

आणि कोंबडी दिवसभर करते काय? माती उकरते, टोचते, गिळते, त्याच धुळीत अंघोळ करते. ते शिसं रक्तात आणि तिथून अंड्यात उतरतं. मोठ्यांपेक्षा लहान मुलांना त्याचा धोका जास्त, कारण वाढत्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणजे ज्या मुलासाठी आपण हौसेने कोंबडी आणली, ताजं अंडं म्हणून रोज ज्याच्या ताटात वाढलं, त्यालाच त्रास व्हायचा.

तिथे निवासी बागेच्या मातीत किलोमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत शिसं मान्य धरलं जातं. पण अंडी सुरक्षित राहायची तर ते 117 च्या खाली हवं, असं या संशोधनातून दिसलं. म्हणजे भाजीसाठी 'पास' झालेली माती कोंबडीसाठी नापास होऊ शकते.

यावर उपाय आहे. मॅक्वारी विद्यापीठाच्या 'व्हेजसेफ' कार्यक्रमाने हजारो बागांची माती तपासून दिली आहे, खासगी प्रयोगशाळाही हे काम करतात. शहराच्या जुन्या भागात, जुन्या घरात राहत असाल तर कोंबड्या आणण्याआधी तपासणी करा. प्रमाण जास्त निघालं तर खुराडं घराच्या जुन्या भिंतीपासून लांब हलवा, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा जाड थर द्या, दाणे उघड्या जमिनीवर न टाकता भांड्यात द्या. फारच जास्त असेल तर तिथली अंडी खाऊ नका. नव्या वस्तीत धोका कमी असतो, पण आधी तिथे काय होतं हे विचारून घ्यावं.

जंगली पक्षी आणि बर्ड फ्लू

बदकं आणि इतर पाणपक्षी बर्ड फ्लूचे विषाणू घेऊन फिरतात. त्यामुळे खाद्य-पाणी त्यांना पोहोचणार नाही असं छताखाली ठेवा, तळ्यातलं पाणी देऊ नका. अचानक एकापाठोपाठ कोंबड्या मेल्या, तर 1800 675 888 या राष्ट्रीय हॉटलाइनवर कळवा. ती चोवीस तास चालू असते.

आणि शेवटचा प्रश्न

दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात. कोंबडी मात्र सहा ते दहा वर्षं जगू शकते. मग पुढची वर्षं तिचं काय करणार? मुलांनी तिला नाव ठेवलेलं असतं, त्यामुळे रश्श्याचा विषय घरात काढता येत नाही. काही लोक तिला म्हातारपणी सांभाळतात: ती किडे खाते, बागेला खत देते. काहींना ते जमत नाही. दोन्ही ठीक, पण हे आणण्याआधी ठरवायचं असतं.

थोडक्यात, कौन्सिलचा नियम, मातीची तपासणी, कोल्ह्याला पुरून उरणारी जाळी आणि संध्याकाळी दार लावणारं एक माणूस. ही चार नावं कागदावर लिहून झाली की मग कोंबडीचं नाव ठरवायला बसा.