सबांचे पॉलिश आणि नातवाची गिटार



गेल्या उन्हाळ्यात आमचा नातू बोटाला लावायला पट्टी मागत आला. आम्ही जन्मभर नर्सची नोकरी केली, तेव्हा जखम पाहिली की प्रश्न तोंडातून निघतोच, "हे कशानं झालं रे?" तो म्हणाला, "सवता, गिटारनं."

बार मिट्झ्वाच्या पैशांतून त्याने इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग मागवले होते. घाईघाईत रंग फवारला आणि तो पुरता वाळायच्या आत जोडणी केली. रंगावर बोटांचे ठसे उठले, वाजवताना सारखी घूं घूं येई. शेवटी गिटार पलंगाखाली गेली. पहिलाच स्वतःचा पैसा वाया गेला म्हणून पोर कोणाशी बोलेना.

आमच्या यजमानांनी तरुणपणी मुंबईत फर्निचरला पॉलिश करण्याचे काम केले. आता हात थरथरतात. ते म्हणाले, "आण बघू बाहेर. लाकूड चांगलं आहे."

ही गिटार स्ट्रॅटोकॅस्टरच्या धर्तीची होती. लिओ फेंडर यांच्या कंपनीने तो नमुना अमेरिकेत १९५४ साली बाजारात आणला. मान अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली, म्हणून सोडवायला सोपी.

आधी बोट कशाने कापले ते शोधले. सतारीला पडदे असतात तशा गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आमच्या बेरशेबाची हवा कोरडी. लाकूड सुकून आकसले, धातू तेवढाच राहिला आणि टोके बाहेर आली. लाकडावर चिकटपट्टी लावून ती बारीक कानशीने घासली.

मग गॅलरीत बसून, तोंडाला मास्क लावून जुना रंग काढला. पॉलिशपेपर आधी १२० नंबरचा, मग २२०, शेवटी ३२०. घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, आडवे नाही.

पॉलिश लाखेचे. बालमित्रांनो, लाख हा भारतात पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा चीक आहे. आम्ही मोठ्या ऐटीत औषधांच्या कपाटातले ७० टक्क्यांचे स्पिरिट काढून दिले. यजमान हसले, "अगं, त्यात पाणी आहे. पॉलिश पांढरं पडेल." इथे आमचे नर्सिंग कामाला आले नाही! ९५ टक्क्यांचे आणले. १०० मिलिलिटरला २५ ग्रॅम लाख घालून रात्रभर ठेवली. कापसाची गोळी सुती फडक्यात बांधून पातळ हात दिले, दिवसाला तीनच. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ गॅस नको आणि खिडकी उघडी हवी. शेवटच्या हातानंतर आठ दिवस कोणी शिवायचे नाही, असे ठरले. नातू रोज लांबूनच बघून जाई.

घूं घूं का येते तेही सापडले. तारांखालच्या धातूच्या भागाला जोडायची अर्थची वायर रंगावर टेकलेली होती, धातूला लागतच नव्हती. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून तीही अर्थला जोडली. झाळकाम नातवाने केले, सबांनी दिवा धरला. झाळकामात शिसे असू शकते, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय आम्ही त्याला चपाती दिली नाही. शेवटी प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवला. खाचेत तार अडकत होती, ती थांबली.

आवाज पूर्ण गेला नाही. अशा पिकअपला थोडी गुणगुण राहतेच. पण मधाच्या रंगाची ती गिटार आता दिवाणखान्यात उभी असते. पाहुणे आले की नातू सांगतो, "पॉलिश सबांचं आहे." यजमान काही बोलत नाहीत. पण परवा आमच्या जुन्या खुर्च्यांकडे बघून त्यांनी विचारले, "लाख उरली आहे का गं?"