कर्लीकाठचे वालावल

कुडाळहून नेरूरच्या वाटेने निघाले की माडा-पोफळींच्या बागांतून वालावल गाठता येते. बहुतेक पर्यटक थेट मालवण-तारकर्ली गाठतात, आणि हे गाव राहून जाते. खरोखर चुटपुट लागावी अशी ही गोष्ट.

गावाचे दैवत लक्ष्मीनारायण. देवळाला लागूनच तळे, भोवती गर्द झाडी. व्ही. शांताराम यांना १९७७च्या ‘चानी’ या चित्रपटासाठी याच परिसराची भुरळ पडली. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या मूळ कथेला असेच कोकण हवे होते!

देवळाकडून कर्ली नदीच्या काठाला यावे. पलीकडे मालवण तालुका. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर खाडीचे पाणी चढते-उतरते; ओहोटीला काठचा काळा चिखल उघडा पडतो. हीच कर्ली पुढे देवबागजवळ अरबी समुद्राला मिळते. घाई नसलेल्यांनीच इथे यावे.