आकाशातील वाटा कोणाच्या?

जमिनीवरून पाहणाऱ्याला आकाश मोकळे वाटते. त्याला कुंपण नाही, बांध नाही, नाकाही नाही. प्रत्यक्षात मात्र ते शेताच्या नकाशासारखे काटेकोर आखलेले असते. कोणत्या उंचीवर कोणी उडावे, कोणाची परवानगी घ्यावी, कोणाशी बोलत राहावे, हे सारे ठरलेले असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९० मध्ये या आकाशाचे ए ते जी असे सात वर्ग निश्चित केले. ए वर्गात नियंत्रण सर्वांत कडक, जी वर्गात नियंत्रण नाही. या सातांपैकी कोणता वर्ग कोठे लावावा, एवढ्याच प्रश्नावरून ऑस्ट्रेलियात हवाई वाहतूक नियंत्रक आणि खासगी वैमानिक यांच्यात अनेक वर्षे वाद चालला. प्रवाशांचे प्राण आणि सेवेचा खर्च या दोन गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्याने तो समजून घेण्यासारखा आहे.

या वादाच्या केंद्रस्थानी एक व्यापारी होता. डिक स्मिथ यांनी १९६८ मध्ये सिडनीत अवघ्या काहीशे डॉलरांच्या भांडवलावर मोटारीतील रेडिओ बसवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी उभी केली. उड्डाणाचीही त्यांना तेवढीच ओढ होती. १९८२-८३ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९९७ ते १९९९ या काळात ते विमान सुरक्षा प्राधिकरणाचेही अध्यक्ष होते.

स्मिथ यांची मांडणी व्यापाऱ्याच्या हिशेबाची होती. सुरक्षिततेवर खर्च होणारा पैसा अमर्याद नसतो. तो जेथे धोका अधिक तेथे खर्चावा, जेथे धोका कमी तेथे हात आखडावा. विमाने एकमेकांजवळ येतात ती मुख्यतः विमानतळाच्या आसपास, कमी उंचीवर. मग नियंत्रकांचे लक्ष वरच्या विरळ आकाशात का गुंतवून ठेवावे? अमेरिकेत ई वर्गाचे आकाश विस्तृत आहे आणि तेथील वाहतूक ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी पट आहे. जे तेथे चालते ते येथे का चालू नये, असा त्यांचा सवाल होता.

सी वर्ग आणि ई वर्ग यांतील फरक येथे लक्षात घ्यायला हवा. सी वर्गात लहानमोठ्या प्रत्येक विमानाला परवानगी घ्यावी लागते आणि प्रवासी विमानाला लहान विमानापासून दूर ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकावर असते. ई वर्गात उपकरणांच्या आधारे उडणारी विमाने नियंत्रकाच्या देखरेखीखाली राहतात. पण स्वच्छ हवेत नजरेच्या आधारे उडणाऱ्या खासगी वैमानिकाला परवानगीची गरज नसते. त्याने डोळे उघडे ठेवावेत, इतरांना पाहावे आणि टाळावे, अशी अपेक्षा असते.

ऑस्ट्रेलियन सरकारने २००२ मध्ये अमेरिकी धर्तीची नवी हवाई क्षेत्र व्यवस्था स्वीकारली. तिचा महत्त्वाचा टप्पा २७ नोव्हेंबर २००३ रोजी अमलात आला. काही प्रादेशिक विमानतळांवरील सी वर्गाचे आकाश ई वर्गाचे झाले. तेथे उडणाऱ्या विमानांत ट्रान्सपाँडर हवा, असे बंधन घातले गेले. ट्रान्सपाँडर म्हणजे विमानाची ओळख व उंची आपोआप कळवणारे यंत्र. खासगी वैमानिकांच्या बाजूने या बदलाचे स्वागत झाले. प्रत्येक वळणावर परवानगी मागण्याचा आणि लांबचा फेरा घेण्याचा त्रास वाचणार होता.

नियंत्रकांची संघटना आणि प्रवासी विमानांचे वैमानिक मात्र अस्वस्थ होते. शेकडो प्रवाशांचे विमान आणि दोन-चार जणांचे लहान विमान एकाच वाटेवर आले, तर नियंत्रकाला लहान विमानाचा ठावठिकाणा माहीत असेलच असे नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यामागे जुना, कटू अनुभव होता. १९७८ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे बोइंग ७२७ आणि लहान सेस्ना विमान यांची टक्कर होऊन १४४ जणांचा मृत्यू झाला. १९८६ मध्ये लॉस एंजलिसजवळ सेरिटोस येथे प्रवासी विमान आणि एक खासगी विमान आदळून ८२ जण दगावले.

नजरेवर किती विसंबावे, याचा हिशेब साधा आहे. ताशी ४५० किलोमीटर वेगाचे जेट आणि ताशी २०० किलोमीटर वेगाचे लहान विमान समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे १८० मीटरने घटते. समोरची वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान वळवणे, या साऱ्याला सुमारे साडेबारा सेकंद लागतात असे मानले जाते. तेवढ्या वेळात सव्वादोन किलोमीटर अंतर संपते. इतक्या दूरवरचे लहान विमान काचेवरील ठिपक्याएवढेच दिसते. थेट समोरून येणारे विमान तर डोळ्यांना हललेलेही जाणवत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच अपघात तपास यंत्रणेने १९९१ मध्ये ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादा सविस्तर मांडल्या होत्या.

नवे नियम लागू होऊन महिनाही झाला नव्हता. २४ डिसेंबर २००३ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, टास्मानियातील लाँसेस्टनजवळ ई वर्गाच्या आकाशात उतरणारे बोइंग ७३७ आणि एक लहान टोबॅगो विमान एकमेकांच्या जवळ आले. बोइंगमधील टक्करप्रतिबंधक यंत्रणेने इशारा दिला आणि वैमानिकांनी त्यानुसार विमान सावरले. कोणाला इजा झाली नाही; पण देशभर चर्चेला तोंड फुटले.

एकाच घटनेचे दोन अर्थ लावले गेले. बदलाचे समर्थक म्हणाले, ट्रान्सपाँडर चालू होता, इशारा मिळाला, विमाने वाचली. म्हणजे व्यवस्थेने आपले काम केले. नियंत्रक म्हणाले, ती यंत्रणा शेवटचा उपाय आहे. ज्या घरात रोज शेवटचा उपाय वापरावा लागतो, त्या घराचे दार नीट लागत नाही असेच म्हणावे लागेल. या दुसऱ्या म्हणण्याचे पारडे जड ठरले. दुसऱ्या देशात एखादी व्यवस्था चालते म्हणून ती उचलून आणणे पुरेसे नाही, तिच्यातील धोक्याची मोजणी स्थानिक परिस्थितीत व्हायला हवी, हा मुद्दा पुढे आला. नोव्हेंबर २००४ मध्ये त्या विमानतळांवरचे आकाश पुन्हा सी वर्गाचे करण्यात आले.

या वादातून एक टिकाऊ सुधारणा मात्र झाली. तोवर नियंत्रणाची सेवा देणारी आणि तिच्यासाठी विमान कंपन्यांकडून शुल्क घेणारी सरकारी संस्थाच आकाशाचे वर्गही ठरवत असे. तराजू धरणारा आणि माल विकणारा एकच असू नये, हे कोणत्याही पेढीवर शिकवावे लागत नाही. २००७ च्या हवाई क्षेत्र कायद्याने आकाशाचे वर्ग ठरवण्याचा अधिकार सुरक्षा प्राधिकरणाच्या स्वतंत्र कार्यालयाकडे गेला.

वाद तेथे संपला नाही. काळाने त्याची दिशा पालटली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी व्हिक्टोरिया राज्यातील मँगलोर या गावाजवळ अनियंत्रित जी वर्गाच्या आकाशात दोन विमाने आदळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही विमाने उपकरणांच्या आधारे उडत होती. तेथे ई वर्ग असता, तर त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे नियंत्रकाचे काम ठरले असते. स्मिथ यांचा ई वर्गाचा आग्रह या ठिकाणी अधिक नियंत्रणाच्या बाजूने उभा होता. पुढच्या वर्षी ई वर्गाची सीमा बरीच खाली आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हौशी आणि खासगी वैमानिकांनीच त्याला कडाडून विरोध केला आणि प्रस्तावाला मुरड घालावी लागली. ज्या वर्गामुळे एकेकाळी मोकळीक मिळत होती, तोच आता बंधन होऊन दारात आला होता.

दरम्यान यंत्रे स्वस्त झाली. आपले स्थान सतत प्रसारित करणारी एडीएस-बी उपकरणे आता लहान विमानातही बसवता येतात. ऑस्ट्रेलियन सरकारने त्यांच्या खर्चाचा काही भाग परत देण्याची योजनाही आणली. नियंत्रकाला हवी ती माहिती आणि वैमानिकाला हवी ती मोकळीक यांतील अंतर अशा उपकरणांनी बरेच कमी होते.

तरीही खर्चाचा प्रश्न उरतोच. न झालेल्या अपघाताची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. नियंत्रकाचा पगार मात्र दरमहा खर्ची पडतो. त्यामुळे दक्षता नेहमी महाग भासते. लाँसेस्टनला उतरलेल्या त्या विमानातील प्रवासी सामान घेऊन आपापल्या घरी नाताळला पोहोचले. त्या दिवशीच्या जमेच्या बाजूला एवढीच नोंद आहे, आणि ती पुरेशी आहे.