६५ वॅटांची मर्यादा

१ मे १९९९ रोजी परभणीपासून विलग होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झालेल्या हिंगोलीत हळदीच्या दिवसांत मोंढ्याची हवाच पिवळसर होते. वाळलेल्या हळकुंडांच्या राशी उपसल्या जातात, गोण्या झटकल्या जातात, आणि त्या धुळीचा सूक्ष्म थर फळ्यांवर, चोपड्यांवर व माणसांच्या बाह्यांवर निमूटपणे बसत राहतो. त्याच परिसरातील एका सेवा केंद्रात, जिथे सातबाराचे उतारे, उत्पन्नाचे दाखले आणि पीकविम्याचे अर्ज यांसाठी गावोगावची माणसे सकाळपासून रांग धरतात, एक ऑल-इन-वन संगणक २०१२ पासून अव्याहत राबत होता. पडद्याच्याच पाठीत सर्व यंत्रणा सामावलेली असल्याने जागा थोडी अडते, पण वारा खेळायलाही जागा थोडीच उरते.

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आणि वाढीव रॅम आधीच बसवून झाली होती, त्यामुळे यंत्र चटकन सुरू होई. परंतु स्कॅन केलेले दस्तऐवज, ब्राउझरचे चार टॅब आणि छपाई एकाच वेळी आली की आतील पेंटियम जी६३० हा दोन कोअरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन खोळंबे. खरिपाच्या विम्याची मुदत जवळ येत होती, म्हणून केंद्रचालकांनी मोंढ्याजवळच्या एका तरुण कारागिराला बोलावले, आणि माझे काम तिथेच अडलेले असल्याने तो सारा खटाटोप मला शेजारी बसून पाहता आला.

त्याने पहिल्या दिवशी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढलाच नाही. बोर्डावर एच६१ चिपसेट आहे, सॉकेट ११५५ आहे, बायोस २०११ सालचा आहे, एवढी नोंद त्याने वहीत केली. कारण पुष्कळ ऑल-इन-वन यंत्रांत प्रोसेसर बोर्डावरच झाळलेला असतो आणि तिथे तो बदलण्याचा विचारच संपतो. या सॉकेटात बसणारा, बाजारात सहज मिळणारा चार कोअरचा प्रोसेसर म्हणजे कोअर आय-५ ३४७०. तरीही त्याने मागवला तो ३४७०एस. पहिल्याची उष्णता-मर्यादा ७७ वॅट, दुसऱ्याची ६५, आणि जुन्या पेंटियमचीही नेमकी ६५. त्या शेवटच्या अक्षरासाठी मूळ वेग ३.२ वरून २.९ गिगाहर्ट्झवर येतो, पण गरज पडताच दोघेही ३.६ पर्यंत चढतात. २०११ चा पेंटियम ३२ नॅनोमीटरच्या पद्धतीने घडला होता, तर २०१२ चा हा आय-५ २२ नॅनोमीटरच्या. ट्रान्झिस्टर लहान झाले, त्यांची घडणही पालटली, आणि त्यामुळेच दोहोंच्या ठिकाणी चार कोअर येऊनही उष्णता बाहेर टाकण्याची तजवीज कागदोपत्री तेवढीच राहिली. जो पंखा आणि जो अडॅप्टर आहे, त्यांच्या कुवतीला धक्का न लावता साधलेली ही वाढ होती.

प्रोसेसर पुण्याहून कुरिअरने आला, तरी जुना अजून जागेवरच राहिला. कारण नव्या पिढीची ओळख बोर्डाला आधी बायोसमधून करून द्यावी लागते, आणि ती देताना जुना प्रोसेसरच कामाला लागतो.

"काका, मधेच लाइट गेली तर बोर्डच जाईल. इन्व्हर्टरवर घेऊ," तो म्हणाला.

"घे बाबा, पंखे बंद करतो," केंद्रचालकांनी उत्तर दिले, आणि ती काही मिनिटे आम्ही तिघेही घामाघूम होऊन, न बोलता, पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना पाहत राहिलो.

मग वायर काढून, उरलासुरला विद्युतभार जाण्यासाठी त्याने चालू करण्याचे बटण दाबून धरले आणि टेबलावर घडी घातलेल्या गोधडीवर यंत्र पालथे निजवले. पाठीचे आवरण व त्याखालचा पत्रा निघाला तेव्हा तांब्याच्या नळीच्या टोकाशी असलेल्या जाळीत करड्या-पिवळ्या धुळीची जाड चकती सापडली. खोळंब्यातला काही वाटा या कोंडलेल्या उष्णतेचाही असावा, असे तो म्हणाला. ती ब्रशाने काढून, हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करून, वाळून खडूसारखी झालेली पेस्ट त्याने स्पिरिटाने पुसली.

यापुढचे काम त्याने श्वास रोखून केले. कळ उचलली, जुना प्रोसेसर सरळ वर घेतला, आणि १,१५५ बारीक स्प्रिंगांचे ते सोनेरी शेत उघडे पडले. या पद्धतीत प्रोसेसरची खालची बाजू सपाट असते आणि नाजूक टोके बोर्डावर असतात. एक जरी टोक वाकले तरी बोर्ड निकामी होऊ शकतो. कोपऱ्यातला त्रिकोण व कडेच्या दोन खाचा जुळवून त्याने नवा प्रोसेसर केवळ ठेवला, जराही दाबला नाही. जोर लागला तो कळ बंद करताना, आणि तेव्हा झालेली कुरकुर स्वाभाविक असते हे त्याने आम्हाला आधीच सांगून ठेवले होते. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुन्हा त्याच क्रमाने स्क्रू, आणि आवरण न लावताच वीज.

पंखा जोराने फिरला, पडदा काळाच राहिला, आणि मग अक्षरे उमटली. अर्धा तास त्याने यंत्रावर मुद्दाम भार टाकला. तापमान ७० अंशांच्या आत राहिले, तेव्हाच आवरण चढले. दारात ताटकळलेल्या एका आजोबांचा सातबारा प्रथम निघाला, आणि त्यामागे विम्याचा अर्जही.

निघताना कारागिराने जुना पेंटियम टाकून दिला नाही. त्याच्या सोनेरी ठिपक्यांवरून कापसाचा हात फिरवून तो एका छोट्या डबीत ठेवला आणि वर कागद चिकटवून लिहिले : जी६३०, ६५ वॅट, चालू.