न चिरतां हृदयावर उपचार

हृदयाच्या शस्त्रक्रियेंत प्रत्यक्ष हृदयावरील काम पुष्कळदां लहानसेंच असतें. तेथवर पोहोंचण्याची वाट मात्र दारुण असते. छातीचें मधलें हाड कापावें लागतें, बरगड्या फांकवाव्या लागतात, कित्येकदां हृदयाचें काम कांहीं वेळ यंत्राकडे सोंपवावें लागतें. तरुण मनुष्य यांतून सांवरतो. परंतु घरांतील वृद्ध आजोबा, किंवा जन्मून दोन दिवसहि न लोटलेलें बालक, यांना रोगाइतकीच ही वाटहि भयंकर ठरण्याचा संभव असतो. ती वाट टाळून केवळ ध्वनीच्या बळावर तेंच काम करतां येईल काय, याचा शोध सध्यां चालू आहे. त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

आरंभ आपल्याच प्रांतापासून करूं. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचें नांव त्यांनीं १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं केलेल्या हृदयारोपणामुळें वडील मंडळींच्या कानीं आलें असेल. त्यापूर्वी, १९६५ सालीं, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक विलक्षण कल्पना प्रसिद्ध केली होती. सापाच्या हृदयाच्या स्नायूस थेट हृदयाच्या पोकळींतूनहि रक्त मिळतें. मग ज्या मनुष्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, त्याच्या हृदयाच्या भिंतीस सुईनें बारीक छिद्रें पाडलीं तर? पुढें हेंच काम इतरांनीं लेसर किरणांनीं करून पाहिलें. सुई असो वा किरण, छाती उघडणें मात्र चुकत नव्हतें. पुढील वर्षीं, १९६६ मध्यें, अमेरिकेंतील डॉ. विल्यम रॅशकिंड यांनीं शिरेंतून बारीक नळी सरकवून तिच्या टोंकाच्या फुग्यानें तान्ह्या मुलाच्या हृदयांतील पडद्यास भोंक पाडून दाखविलें. कांहीं जन्मजात विकारांत शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळण्यास असें भोंक हवेंच असतें. नाहींतर मूल निळें पडून दगावतें. छातीवरील जखम टळली, नळी राहिली.

आतां ध्वनीकडे वळूं. रंकाळ्यांत खडा टाकला म्हणजे वर्तुळाकार लहरी कांठाकडे पसरत जातात व विरत जातात. समजा, त्याच लहरी कांठावरून उलट निघून मध्यबिंदूकडे आल्या, तर कांठाशीं दिसेल न दिसेल असें पाणी मध्यावर उसळून उठेल. शास्त्रज्ञांनीं वाटीसारख्या अंतर्गोल यंत्रानें ध्वनीच्या बाबतींत हेंच साधलें आहे. त्वचा व स्नायु यांतून जातांना लहरी सौम्य असतात. एकवटतात त्या ठिकाणींच त्यांचें बळ प्रकट होतें.

यासाठीं कानास ऐकूं येणारा ध्वनि कां चालत नाहीं, हें गणितानें पाहण्यासारखें आहे. शरीरांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर असतो. सेकंदास १००० कंपांच्या ध्वनीची एक लहर दीड मीटर लांब होईल. ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागीं कशी एकवटणार? दहा लक्ष कंप असले तर लहर अवघी दीड मिलिमीटरची होते. मनुष्याचा कान सुमारें वीस हजार कंपांपुढें बहिरा असल्यामुळें हा ध्वनि आपणांस ऐकूं येत नाहीं. सोनोग्राफीचा ध्वनि याच जातीचा. १९५३ सालीं स्वीडनांतील लुंड येथें एडलर व हर्ट्झ या दोघांनीं त्याच्या साहाय्यानें हृदयाची हालचाल प्रथम टिपली. तेथें मात्र त्यानें पाहून यावें एवढीच अपेक्षा होती.

हृदयाइतकें अवघड लक्ष्य शरीरांत क्वचितच सांपडेल. पुढें बरगड्या आहेत, त्या ध्वनि शोषून तापतात. बाजूंस फुप्फुसें आहेत, त्यांतील हवा ध्वनि परतवून लावते. शिवाय हृदय क्षणभरहि स्थिर नसतें, आणि श्वासाबरोबर जागाहि बदलतें. हृदयाच्या मागेंच अन्ननलिका आहे. अनियमित ठोक्यांवर उपाय म्हणून नळीच्या टोंकाशीं बसविलेल्या ध्वनियंत्रानें हृदयाची आंतली बाजू भाजण्याचा प्रयोग झाला, तेव्हां उष्णता पलीकडे पोहोंचून अन्ननलिकेस इजा झाली व रुग्ण दगावल्याचीहि नोंद झाली. ती पद्धति सोडून द्यावी लागली.

म्हणून उष्णतेवांचून काम करण्याची युक्ति आम्हांस अधिक आशादायक वाटते. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत अत्यंत अल्पकाळाचे, पण फार जोरकस ध्वनीचे ठोके देतात. त्यांनीं केंद्रस्थानीं सूक्ष्म बुडबुडे उठतात व फुटतात, आणि त्या हादऱ्यानें तेथील पेशींचा चुरा होतो. २०१० सालीं तेथील संशोधकांनीं कुत्र्यांच्या हृदयांतील पडद्यास अशा रीतीनें, नळी न घालतां, भोंक पाडल्याचें प्रसिद्ध केलें. याच युक्तीस यकृतांतील गांठींसाठीं अमेरिकन सरकारची परवानगी २०२३ सालीं मिळाली. ज्या पालकांच्या मुलास आज शस्त्रक्रिया सांगितली आहे, त्यांनीं मात्र ध्वनीची वाट पाहत बसूं नये. तान्ह्या मुलास रॅशकिंड यांचा फुगाच अद्यापि तारतो.

मनुष्याच्या हृदयाबाबत अधिक प्रगति वृद्धांच्या झडपेच्या रोगांत झाली आहे. बंबांत पाण्याचा क्षार धरतो, तसा वाढत्या वयांत हृदयाच्या महारोहिणीकडील झडपेवर चुन्याचा थर बसतो, ती ताठर होते, आणि जिना चढतांना धाप लागते. नवी झडप बसविणें हा यावरील खरा उपाय. ती आतां नळीवाटेंहि बसवितां येते. पण कित्येक रुग्ण इतके क्षीण असतात कीं, तेवढेंहि त्यांना सोसणार नाहीं. फ्रान्स, नेदरलँड्स व सर्बिया या देशांत अशा ४० रुग्णांच्या छातीवर बाहेरून यंत्र ठेवून झडपेवर ध्वनीचा मारा करण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. उपचारामुळें कोणी दगावलें नाहीं. झडपेचें तोंड सहा महिन्यांनीं सरासरीनें सुमारें १० टक्क्यांनीं अधिक उघडूं लागलें होतें. थर नाहींसा झाला नाहीं. झडप थोडी मऊ झाली, इतकेंच. ज्यांच्यापुढें दुसरा उपायच उरला नव्हता, त्यांची धाप त्यानें कांहींशी कमी झाली.