डोंगर बोलतो, ते ऐका. वाडी वेळीच सोडा

आषाढ लागला की डोंगरपट्ट्यात भातलावणीची घाई सुरू होते. दिवसभर चिखलात राबलेली माणसं रात्री गाढ झोपतात. नेमके याच दिवसांत डोंगरउतारावरील वाड्यांनी सावध राहायला हवे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिन्ही वेळा महिना जुलैचाच. माळीणमध्ये १५१ माणसं दगावली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह सापडले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. तेव्हा ‘आमचं गाव यादीत नाही’ म्हणून स्वस्थ बसू नका.

सह्याद्रीत कातळावर माती-मुरमाचा थर असतो. सतत पाऊस लागला की पाणी मुरून थर जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो खाली घसरतो. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, पण आपल्या डोंगरावर किती पडला हे आपणच मोजावे. सरळ काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टीने पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटर म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या वर गेला तर अति मुसळधार; २०४.४ च्या वर, म्हणजे साधारण वीतभर पाणी साचले तर अत्यंत मुसळधार. मात्र संततधार असेल तर या आकड्याचीही वाट पाहू नका.

डोंगर आधी खुणाही दाखवतो. जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा पडणे, झाडं-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नव्या जागी पाणी फुटणे, ओढ्याचे पाणी भर पावसात अचानक कमी होणे, वरून दगड सुटणे. यातली एक जरी खूण दिसली तर पोलीस पाटील, सरपंच, तलाठी यांना कळवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. कळवून थांबू नका. उजेड असतानाच बाहेर पडा. दरड कधी कधी खुणा न दाखवताही येते, म्हणून रेड अलर्टच्या रात्री वाडीत झोपू नये.

लोक म्हणतात, “साहेब, गुरं टाकून कसं जायचं?” रास्त आहे. म्हणून तयारी आधीच करावी. गुरांसाठी सुरक्षित जागी मांडव घाला. जमलेच नाही तर निदान दावी सोडून द्या. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान मुलं यांना कोण नेणार हे ग्रामसभेतच ठरवा. मुक्कामाची शाळा किंवा समाजमंदिर उताराच्या पायथ्याशी वा ओढ्याकाठी नसावे.

इशारा असेपर्यंत रानभाजीला, खेकड्यांना, गुरं चारायला डोंगरात जाऊ नये. किल्ले-धबधब्यांवरील बंदी पर्यटकांपुरतीच समजू नका; वाट दाखवायला जाणाऱ्या आपल्या पोरांनाही ती लागू आहे.

शेतीबाबत एकच सांगणे. वाडीच्या डोक्यावरचा उतार यंत्राने तोडून नवी खाचरे करू नका. उतारावरची झाडं राखा, भेगा मातीने बुजवा आणि पाणी बाजूला काढून द्या.

लावणी दोन दिवस लांबली तर पीक सावरता येते. माणूस परत आणता येत नाही.